अळंब्यांची रात्र आणि तिची पूर्वतयारी

तीर्थाचा महिमा सांगणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु यात्रेस निघण्यापूर्वीं काय करावें, बरोबर कोणास घ्यावें, वाटेंत काय टाळावें आणि परत आल्यावर घरच्या मंडळींस काय सांगावें, याविषयींचे नियम जुन्या पिढीनें महिम्याच्या श्लोकांइतक्याच काळजीनें सांभाळले. महिमा ऐकून मनुष्य घराबाहेर पडतो. नियमांमुळें तो घरीं परत येतो. इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि मात्र बहुधा महिम्याकडेच असते. एखाद्या पदार्थाचा शोध कोणीं लावला, त्याचें पृथक्करण कोणीं केलें, त्यावर बंदी केव्हां आली, एवढें नोंदलें कीं त्यांचें काम संपतें. तो पदार्थ हातीं घेणाऱ्या माणसानें आपलें मन व शरीर कसें सिद्ध केलें आणि त्या वेळीं त्याच्या उशाशीं कोण बसलें होतें, ही हकीकत बहुधा कोपऱ्यांत पडते.

आज आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहों ती म्हणजे सायलोसायबिन नांवाचें द्रव्य धारण करणारीं लहानशीं अळंबीं. पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या कोंकणांत कुजक्या पालापाचोळ्यांतून कुत्र्याच्या छत्र्या वर येतात, तशींच हीं दिसावयास अगदीं सामान्य. खाल्ल्यापासून अर्ध्यापाऊण तासानें रंग, आकार, काळ आणि मीपणा यांची नेहमींची बसलेली घडी विस्कटूं लागते, आणि पांचसहा तासांनीं ती हळूहळू पुन्हां बसते. या पांचसहा तासांतील नवलाविषयीं गेल्या सत्तर वर्षांत अतोनात लिहिलें गेलें आहे. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. या अनुभवांत पहिल्यानेंच पाऊल टाकणाऱ्या माणसास सुरक्षित ठेवण्यासाठीं निरनिराळ्या काळच्या लोकांनीं काय केलें, आणि जेथें तें केलें गेलें नाहीं तेथें काय झालें? हा इतिहास ओळीनें पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, लाभ आणि धोका हे दोन्ही जितके अळंब्यांत आहेत, तितकेच तीं खाण्याच्या रीतींत आहेत.

तयारी मुळींच नसली म्हणजे काय होतें, याचें बोलकें उदाहरण लंडन शहरांतलें आहे. ३ ऑक्टोबर १७९९ रोजीं सकाळीं एका गरीब गृहस्थानें तेथील ग्रीन पार्क या उद्यानांतून आपल्या रिवाजाप्रमाणें अळंबीं वेंचून आणलीं, आणि तीं शिजवून बायकामुलांसह न्याहारी केली. थोड्याच वेळानें त्याच्या डोळ्यांपुढें काळे ठिपके व रंगांच्या झळका दिसूं लागल्या, आणि उभें राहणेंही कठीण झालें. घरांतील इतर माणसांच्या पोटांत कळा येऊं लागल्या व हातपाय गार पडले. आपणां सर्वांस विषबाधा झाली असें समजून तो मदत आणावयास धांवला. परंतु शंभरएक यार्डांवर गेल्यावर आपण कोठें व कशाकरितां निघालों हेंच तो विसरला! त्याचा आठ वर्षांचा मुलगा मात्र खदखदां हसत सुटला, आणि आईबापांनीं कितीही दटावलें तरी त्याचें हसें थांबेना. एव्हरार्ड ब्रँड नांवाच्या वैद्यानें या कुटुंबावर वांतीचे उपचार केले आणि सर्व हकीकत एका वैद्यकीय मासिकांत छापली. तीं अळंबीं सायलोसायबी सेमिलान्सिआटा या जातीचीं असावींत, असें आज अभ्यासक मानतात.

या प्रसंगांत दोन धडे आहेत. एकाच भांड्यांतलें अन्न खाऊन बाप मरणाच्या भयानें गारठला आणि मुलगा हसत बसला. बापाच्या मनांत 'विष' हा एकच शब्द होता. जें दिसत आहे तें अळंब्यांमुळें दिसत आहे व संध्याकाळपर्यंत तें ओसरेल, असें सांगणारें कोणीही जवळ नव्हतें. त्याच्या यातनांपैकीं मोठा भाग या अज्ञानाचा होता. दुसरा धडा याहून साधा आणि याहून कठोर आहे. युरोप-अमेरिकेंत ज्या जागीं हीं अळंबीं उगवतात, त्यांतल्या कांहीं जागीं गॅलेरिना नांवाच्या वर्गांतलीं तांबूस-तपकिरी अळंबींही उगवतात, आणि त्यांतल्या कांहीं जातींत यकृताचा नाश करणारें प्राणघातक विष असतें. रानांतली वस्तु ओळखण्यांत चूक झाली, तर मनाची कितीही तयारी केलेली असो, तिचा कांहीं उपयोग नाहीं. आपल्याकडील आदिवासी बाया पावसाळ्यांत अळंबीं विकावयास आणतात, त्यांच्या टोपलीवर आपण जो विश्वास टाकतों, तो पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीवर टाकलेला असतो. परक्या रानांत ही ओळख पुस्तकांतील चित्रावरून होत नाहीं.

आतां समुद्रापलीकडे मेक्सिकोकडे वळूं. स्पॅनिश लोकांनीं १५२१ सालीं आझ्टेक राज्य बुडविलें. त्यानंतर आठ वर्षांनीं, १५२९ सालीं, बर्नार्दीनो दे साआगुन नांवाचा फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मोपदेशक तेथें आला. त्यानें तेथील वृद्धांस विचारविचारून, त्यांच्याच नाउआत्ल भाषेंत, त्यांच्या चालीरीतींचा एक प्रचंड संग्रह तयार केला. त्यांत व्यापाऱ्यांच्या एका मेजवानीचें वर्णन आहे. रात्रीं शंख फुंकले जात त्या वेळीं पाहुण्यांस मधाबरोबर अळंबीं दिलीं जात. त्यांना नाउआत्ल भाषेंत तेओनानाकात्ल, म्हणजे देवाचें अळंबें, असें नांव होतें. त्या रात्रीं दुसरें अन्न कोणी घेत नसे. काय तो कोकोचा पेला. मग कोणी नाचे, कोणी रडे, कोणी आपल्या आसनावर डोकें हलवीत बसून राही. कोणास आपण युद्धांत मरत आहों असें दिसे, कोणास आपणांस श्वापद खात आहे असें, तर कोणास आपण धनवान् झालों असें दिसे. आणि अंमल उतरल्यावर, साआगुन सांगतो, ते एकमेकांस आपापलें दर्शन कथन करीत व त्याविषयीं बोलत. त्याच्या दृष्टीनें हा सारा सैतानाचा खेळ होता. तरी नोंद त्यानें प्रामाणिकपणें केली. पोट रिकामें ठेवणें, ठरलेली वेळ, परिचित मंडळी आणि शेवटीं परस्परांशीं बोलणें, हे चार नियम त्या नोंदींत आहेत. पुढें चारशें वर्षांनीं मोठमोठ्या विद्यापीठांना हेच नियम नव्यानें शोधावे लागले.

त्याच शतकांतला दुसरा धर्मोपदेशक दिएगो दुरान दुसरी बाजू दाखवितो. दुसऱ्या मोक्तेसूमाच्या राज्यारोहणाच्या उत्सवांत नरबलि झाल्यावर लोकांस अळंबीं वांटलीं गेलीं आणि त्या उन्मादांत कित्येकांनीं स्वतःचा जीव घेतला, असें तो लिहितो. दुरान हा प्रत्यक्षदर्शी नव्हता आणि देश्य धर्माचा मित्रही नव्हता. म्हणून त्याचें लिहिणें जपून घ्यावें लागतें. तरीसुद्धां रक्त, गर्दी, मद आणि राजवैभव यांच्या कल्लोळांत हीं अळंबीं खाणें आणि शांत रात्रीं ओळखीच्या मंडळींत तीं खाणें, यांतील भेद त्याच्या लेखांतून स्पष्ट होतो.

१६२० सालीं मेक्सिकोच्या धर्मन्यायासनानें पेयोटे नांवाचें निवडुंग व त्यासारख्या वनस्पति दैवी ज्ञानासाठीं वापरण्यास बंदी केली. अळंब्यांचा विधि शहरांतून नाहींसा झाला आणि डोंगरांत गेला. तो इतका लपला कीं, १९१५ सालीं विल्यम सॅफर्ड नांवाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें असें अळंबें कधीं नव्हतेंच, जुन्या लेखकांनीं वाळलेलें पेयोटे पाहून फसगत करून घेतली, असा सिद्धांत मांडला. १९३८ सालीं रिचर्ड एव्हन्स शुल्टेस आणि ब्लास पाब्लो रेको यांनीं ओआहाका प्रांतांतील वाउत्ला दे हिमेनेस या गांवाहून नमुने आणले, तेव्हां त्या सिद्धांताचा निकाल लागला. विद्वानांनीं मृत ठरविलेली वस्तु तेथील मासातेक लोकांच्या झोंपड्यांतून नित्य वापरांत होती.

याच गांवीं २९ जून १९५५ च्या रात्रीं गॉर्डन वॅसन हा न्यूयॉर्कमधील एका मोठ्या पेढीचा उपाध्यक्ष आणि त्याचा छायाचित्रकार मित्र ॲलन रिचर्डसन हे मारिया साबिना नांवाच्या वैदू बाईच्या विधींत बसले. मासातेक लोकांत या विधीची तयारी आधींच्या दिवसांपासून चाले. विधीपूर्वीं चार दिवस व विधीनंतर चार दिवस ब्रह्मचर्य पाळावयाचें. तें मोडणाऱ्यास वेड लागतें अशी श्रद्धा. पोट रिकामें ठेवावयाचें. वेळ रात्रीची, जागा घरांतली, बंद दाराआड, देवाच्या मांडणीपुढें. तेथें ख्रिस्ताच्या तसबिरी असत, कारण मारिया साबिना ही श्रद्धाळू कॅथॉलिक होती. अळंबीं नेहमीं जोडीनें मोजावयाचीं, धुपावर धरावयाचीं, मग खावयाचीं, आणि दिवे मालवावयाचे. एकदोन माणसें कांहीं न खातां शुद्धीवर राहत व रात्रभर जें बोललें जाई तें ऐकत. आणि अंधारांत सबंध रात्र त्या बाईचें गाणें चाले. त्या गाण्याचा दोर धरून माणूस कितीही दूर गेला तरी त्याला परतीची वाट असे.

या सर्व नियमांहून महत्त्वाचा एक नियम होता. तेथें कोणी मौजेसाठीं बसत नसे. घरांत कोणी आजारी असावें, कोणी हरवलेलें असावें, एखादा प्रश्न जीव खात असावा, तेव्हांच त्या अळंब्यांस विचारावयाचें. वॅसननेंही प्रवेश मिळविण्यासाठीं दूर देशीं असलेल्या आपल्या मुलाच्या खुशालीचा प्रश्न पुढें केला होता. पण मनांत जिज्ञासा होती. मारिया साबिनानें पुढें आपली जीवनकथा सांगतांना या गोष्टीचा उल्लेख केला आहे. वॅसनच्या पूर्वीं केवळ देव भेटावा म्हणून हीं 'पवित्र बाळें' कोणी खात नसे, रोग बरा व्हावा म्हणून खात, अशा आशयाचे तिचे उद्गार आहेत. आमच्या मतें हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. प्रश्न घेऊन जाणाऱ्या माणसाला उत्तर मिळो वा न मिळो, परत येण्याचें ठिकाण ठाऊक असतें. केवळ नवल पाहावयास जाणारा मात्र कोठें परतावयाचें हें ठरवून निघालेला नसतो.

या रात्रीचें वर्णन १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकांत छापलें गेलें. वॅसननें गांवाचें व बाईचें नांव बदललें होतें. छायाचित्रें विश्वासांतल्या मित्रांखेरीज कोणास दाखवूं नयेत, अशी मारिया साबिनाची अट होती. तीं लाखों लोकांनीं पाहिलीं, आणि नांव लपविल्यानें कांहीं लपलें नाहीं.

दरम्यान वस्तु प्रयोगशाळेंत पोंचली होती. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक रोझे आईम यांनीं तीं अळंबीं युरोपांत वाढविलीं आणि स्वित्झर्लंडांतील बाझल येथें आल्बर्ट होफमान या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठविलीं. जनावरांवरील परीक्षांतून कांहीं उलगडा होईना, तेव्हां होफमाननें स्वतः बत्तीस वाळलेलीं अळंबीं खाल्लीं. परंतु तीं खाण्यापूर्वीं त्यानें एका डॉक्टर सहकाऱ्यास जवळ बसवून घेतलें होतें. अर्ध्या तासानें भोंवतालचें सर्व जग मेक्सिकोच्या थाटाचें दिसूं लागलें. रक्तदाब मोजावयास वांकलेला तो डॉक्टर आझ्टेक पुरोहित झाला. सहा तासांनीं स्वप्न ओसरलें. १९५८ सालीं होफमान व त्याचे सहकारी यांनीं सायलोसायबिन व सायलोसिन हीं द्रव्यें वेगळीं काढल्याचें जाहीर केलें. आतां रात्र, धूप, गाणें आणि बाई यांवांचून तें द्रव्य कोणासही गोळीच्या रूपांत घेतां येऊं लागलें.

द्रव्य एक असलें तरी रात्र एक नसते, याचा पुरावा याच काळांत मिळाला होता. १९५६ सालीं वॅसन पुन्हां वाउत्लास गेला तेव्हां आईम यांजबरोबर जेम्स मूर नांवाचा एक अमेरिकन रसायनज्ञ होता. तो एका धर्मादाय निधीचा माणूस म्हणून आला होता. प्रत्यक्षांत अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें मनावर ताबा मिळविण्याचें साधन शोधावयास त्याला पाठविलें होतें. एकाच झोंपडींत, एकाच बाईचें गाणें ऐकत दोघेही बसले. आईम आनंदित होऊन परतले. मूरला सर्दी, जुलाब, खाज आणि भूक यांखेरीज फारसें कांहीं आठवेना. त्या प्रवासांत त्याचें वजनही बरेंच घटलें. जो माणूस खोट्या नांवाखालीं आणि संशयी मनानें तेथें बसला, त्यास विधि बाहेरून लाभला, आंतून लाभला नाहीं.

त्या खात्यानें मग झोंपडी सोडून तुरुंगाची वाट धरली. केंटकी संस्थानांतील लेक्झिंग्टन येथें हॅरिस इस्बेल या डॉक्टरानें व्यसनाधीन कैद्यांवर सायलोसायबिनचे प्रयोग केले व ते १९५९ सालीं प्रसिद्ध केले. तेथें मोजमाप सर्व होतें. डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, रक्तदाब यांचे आंकडे होते. परंतु ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्याला विश्वास वाटावा असें तेथें काय होतें? पूर्वतयारीचे सर्व बाह्य उपचार करूनही जेथें माणसाला 'नको' म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथें सुरक्षितता नाहीं, असें आम्ही समजतों.

याच्या उलट टोंकाचा प्रयोग बॉस्टन येथें २० एप्रिल १९६२ रोजीं, शुभ शुक्रवारीं, झाला. हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर पान्के यानें धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी निवडले, त्यांचे लहान गट करून आधीं त्यांची तयारी करून घेतली, आणि बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलच्या तळघरांत त्यांस बसविलें. दहांना सायलोसायबिन व दहांना निकोटिनिक आम्ल दिलें. वरच्या मजल्यावर हॉवर्ड थर्मन उपासना चालवीत होते व त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकानें खालीं येत होता. हे थर्मन म्हणजे १९३६ सालीं बारडोलीस महात्मा गांधींची भेट घेतलेले निग्रो धर्मोपदेशक, हें आमच्या वाचकांस कळलें म्हणजे त्या तळघरांतील शब्दांचें वजन ध्यानांत येईल. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकीं बहुतेकांनीं आपणांस गाढ धार्मिक अनुभव आल्याचें सांगितलें, आणि हा प्रयोग प्रसिद्धीस पावला.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. सुमारें पाव शतकानें रिक डॉब्लिन यानें त्या वेळच्या विद्यार्थ्यांस शोधून काढलें व १९९१ सालीं आपला वृत्तांत छापला. त्यांत असें निघालें कीं, एक विद्यार्थी त्या दिवशीं चॅपेलबाहेर निघून गेला होता, त्यास परत आणून शामक औषधाची सुई टोंचावी लागली होती, आणि पान्केनें आपल्या प्रबंधांत हें सांगितलेंच नव्हतें. बहुतेकांना तो दिवस आयुष्यभर मोलाचा वाटला हें खरें. त्यांच्यापैकीं पुष्कळांस त्याच दिवशीं भयही वाटलें होतें, हेंही खरें. पहिल्या अनुभवास सामोऱ्या जाणाऱ्या माणसाला जर कांहीं देणें लागत असेल तर तें पूर्ण सत्य होय. सुखाच्या नऊ कथा सांगून दहावी दडविणारा मार्गदर्शक, हेतु कितीही चांगला असो, पुढच्या माणसाची तयारी मोडतो.

हार्वर्डमध्येंच टिमथी लीरी हा प्राध्यापक होता. १९६० सालच्या उन्हाळ्यांत मेक्सिकोंतील क्वेर्नावाका येथें अळंबीं खाऊन आल्यापासून त्यानें या विषयास वाहून घेतलें होतें. घेणाऱ्याची मनोवृत्ति आणि भोंवतालची परिस्थिति या दोहोंवर अनुभव अवलंबून असतो, हें सूत्र त्याच्याच मंडळीनें जगभर पसरविलें. दैवदुर्विलास असा कीं, ज्यानें सूत्र पसरविलें त्यानेंच तें सोडून दिलें. १९६३ सालीं विद्यापीठानें त्याला काढलें, आणि पुढें त्यानें तरुणांच्या मोठमोठ्या समुदायांस असें आवाहन केलें कीं त्यांत मनोवृत्तीची पारख नव्हती आणि परिस्थितीची निवड नव्हती. १९७० सालीं अमेरिकेनें व १९७१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या करारानें सायलोसायबिन अत्यंत कडक निर्बंधाखालीं आणलें. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादींत तें आहे. कोडाईकनालच्या वाटेवर कोणी 'डोंगरची अळंबीं' पुढें करील, तेव्हां आपल्या मुलांस इतिहासाबरोबर हा कायदाही ठाऊक असावा.

पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स यांनीं हें काम पुन्हां हातीं घेतलें व २००६ सालीं त्याचा वृत्तांत छापला. यांत पान्केचा जुना सहकारी विल्यम रिचर्ड्स होता. म्हणजे तुटलेला धागा त्याच माणसानें जोडला. असा पदार्थ पूर्वीं कधीं न घेतलेले छत्तीस निरोगी लोक निवडले होते. प्रयोगापूर्वीं प्रत्येकाशीं त्याच्या मार्गदर्शकानें चार भेटींत मिळून आठ तास बोलणें केलें: त्याचें बालपण, त्याचे नातेसंबंध, त्याचीं भयें. खोली दवाखान्याची नव्हे, तर बैठकीची. कोच, डोळ्यांवर पट्टी, कानांशीं संगीत. जवळ सबंध दिवस दोन शुद्धीवर असलेले सोबती. आणि नंतर पुन्हां बोलणें. २००८ सालीं याच मंडळीनें सुरक्षिततेचे नियम लिहून काढले. ज्याला किंवा ज्याच्या जवळच्या रक्ताच्या नात्यांत कोणास चित्तभ्रमाचा विकार आहे त्याला हा अनुभव देऊं नये. रक्तदाब वाढत असल्यानें हृदयविकाऱ्यास देऊं नये. चालू औषधांची चौकशी करावी. भीति वाटली तर तिच्यापासून पळूं नये, तिच्याकडे पाहावें, असें आधींच शिकवावें. घाबरलेल्याचा हात हातांत घ्यावा. संध्याकाळीं त्याला एकटें न सोडतां घरच्या अथवा ओळखीच्या माणसाच्या स्वाधीन करावें.

एवढ्या तयारीनंतर काय झालें? दोनतृतीयांश लोकांनीं तो अनुभव आयुष्यांतील सर्वांत अर्थपूर्ण पांच अनुभवांत गणला. परंतु त्याच छत्तिसांपैकीं अकरा जणांस त्या दिवसांत केव्हां तरी तीव्र भयानें ग्रासलें. म्हणजे तयारी ही भयाविरुद्ध दिलेली हमी नव्हे. भय आलें असतां माणूस एकटा पडूं नये याची ती व्यवस्था आहे. ही व्यवस्था नसते तेथलें चित्र २०१६ सालीं त्याच विद्यापीठाच्या एका पाहणींत दिसलें. आपला सर्वांत कठीण अनुभव सांगणाऱ्या १,९९३ लोकांपैकीं शेंकडा ११ जणांनीं स्वतःस अथवा दुसऱ्यास इजेच्या धोक्यांत लोटलें होतें, आणि शेंकडा २.७ जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. मुद्दाम कठीण अनुभवच विचारल्यामुळें हे आंकडे सर्व सेवन करणाऱ्यांना लागू करतां येणार नाहींत. परंतु निष्काळजीपणाची किंमत त्यांवरून कळते. आतां कांहीं सरकारांनींही पूर्वतयारी कायद्यांत घातली आहे. अमेरिकेच्या ओरेगन संस्थानांत २०२० सालच्या लोकमतानें जी व्यवस्था झाली, तींत तयारीची बैठक घेतल्यावांचून सायलोसायबिन देतां येत नाहीं. ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२३ पासून विशेष परवाना मिळविलेल्या मनोविकारतज्ज्ञांस, इतर उपचारांस दाद न देणाऱ्या विषण्णतेवर तें देण्याची मुभा दिली.

वॅसनचा आपल्याशींही एक संबंध आहे. १९६८ सालीं त्यानें वेदांतील सोम म्हणजे अमानिटा मस्कारिया नांवाचें तांबड्या टोपीचें अळंबें होय असा पक्ष मांडला. त्या अळंब्यांतील द्रव्य सायलोसायबिनहून अगदीं निराळें. केंब्रिजचे संस्कृत पंडित जॉन ब्रफ यांनीं १९७१ सालीं त्या मताचें खंडन केलें, आणि वाद अद्याप मिटलेला नाहीं. पुण्याच्या कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक असलेले मार्टिन हौग यांनीं दक्षिणेंत त्या काळीं सोम म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीचा रस स्वतः चाखून पाहिला होता. तो इतका कडू व किळसवाणा लागला कीं कांहीं चमच्यांपलीकडे मजल गेली नाहीं, असें त्यांनीं १८६३ सालीं आपल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तींत नमूद केलें आहे. वनस्पति हरवली असेल. तयारी मात्र हरवली नाहीं. यजमानानें क्षौर व स्नान करावें, नवें वस्त्र नेसावें, मंडपांत राहावें, दुधावर राहावें, मुठी मिटाव्या, वाणी आवरावी. मग उपसदांचे दिवस, आणि त्यानंतर सोमाचें सवन. शेवटीं अवभृथस्नान करून, दीक्षा विसर्जन करून, पुन्हां संसारांत यावें. कोणती वेल कुटली जात होती हें आज निश्चित सांगतां येत नाहीं, पण कुटण्यापूर्वीं माणसानें काय करावें हें अक्षरशः सांगतां येतें. आपल्या पूर्वजांनीं काय अधिक जपलें, याचा वाचकांनींच विचार करावा.

आणि वाउत्लाचें काय झालें? 'लाइफ'मधील लेखानंतर परदेशी लोकांची रीघ लागली. ते दिवसा, रस्त्यांत, वाटेल त्या वेळीं, कोणत्याही प्रश्नावांचून अळंबीं खाऊं लागले. पोलिसांनीं मारिया साबिनास त्रास दिला. गांवच्या लोकांचा रोष झाला. तिचें घर कोणीं तरी जाळलें. वॅसननें पुढें याबद्दल जाहीर खेद दर्शविला. १९६२ सालीं होफमान स्वतः तिला भेटावयास गेला व त्यानें तिला आपल्या गोळ्या दिल्या. गोळ्यांतही तोच आत्मा आहे असें तिनें उदारपणें सांगितलें. पण परके लोक आल्यापासून 'बाळांची' शक्ति गेली, असें तिचें म्हातारपणचें बोलणें आहे. २२ नोव्हेंबर १९८५ रोजीं ती वारली.

तिच्या या बोलण्याचा अर्थ रसायनशास्त्र्यास लागणार नाहीं, कारण द्रव्य तर तेंच व तितकेंच राहिलें. परंतु आम्हांस तो कळतो. जी शक्ति ती गेली म्हणते, ती चार दिवसांच्या संयमांत, बंद दारांत, शुद्धीवर बसलेल्या सोबत्यांत, पहांटेपर्यंत न थांबणाऱ्या गाण्यांत आणि मनांत धरलेल्या प्रश्नांत होती. द्रव्य घेऊन जातांना जगानें ती तेथेंच टाकून दिली, आणि मग पन्नास वर्षें, वेडाच्या, तुरुंगाच्या व मृत्यूच्या किंमतीनें, तिचा एकेक तुकडा शोधून परत आणला. बाल्टिमोरच्या त्या खोलींत कोचाशेजारीं बसलेला सोबती जो घाबरलेल्याचा हात धरतो, तो मासातेक झोंपडींतल्या न खातां जागणाऱ्या माणसाचाच वंशज आहे. एवढें ऋण मान्य झालें, आणि तें ज्या गांवाचें आहे त्या गांवासही तें कधीं पोंचलें, तर या इतिहासास न्याय मिळाला असें म्हणतां येईल.